रेणूंचे सिम्युलेशन आणि संशोधकाची कारकीर्द : नव्याने येणाऱ्यांसाठी वाटेची माहिती

प्रथिनाचा रेणू पाण्यात कसा हलतो, त्याच्या खोबणीत औषधाचा रेणू कोणत्या बाजूने शिरतो, पेशीपटलातील एखादी वाहिनी कशी उघडते आणि कशी मिटते, हे प्रत्येक अणूवर नजर ठेवून सलग पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक अजून नाही. म्हणून हे दृश्य गणिताने उभे करावे लागते. प्रत्येक अणूवर आजूबाजूच्या अणूंमुळे किती बल लागते ते काढायचे, न्यूटनच्या गतिनियमानुसार तो अणू अतिशय लहान काळापुरता पुढे सरकवायचा आणि हीच क्रिया कोट्यवधी वेळा करायची, एवढीच रेणूंच्या सिम्युलेशनची मूळ कल्पना आहे. या कामात संशोधक म्हणून उभे राहू इच्छिणाऱ्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्याशी जोडलेले आहे. संगणक कधीही निरुत्तर होत नाही; मांडणी चुकलेली असली तरी तो सुबक आलेख आणि देखणी चित्रफीत काढून देतो. त्यामुळे आलेल्या उत्तरावर कुठे आणि किती शंका घ्यायची, हेच या क्षेत्रातले खरे कौशल्य आहे आणि ते पहिल्या दिवसापासून कमवावे लागते.

पहिली पायरी : आपली वाट ओळखा

‘संगणकीय जीवशास्त्र’ या नावाखाली दोन बरीच वेगळी कामे चालतात. एका कामात जनुकांचे आणि प्रथिनांचे क्रम, म्हणजे अक्षरांच्या लांबच लांब माळा, तपासून त्यांतून नियम शोधले जातात. या कामाला संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र अधिक लागते. पुणे विद्यापीठातील बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८७ पासून या परंपरेत काम करत आले आहे. प्रथिनाच्या कोणत्या तुकड्यावर प्रतिपिंडे चिकटण्याची शक्यता आहे याचा अंदाज देणारी कोळस्कर आणि टोंगावकर यांची १९९० मधील पद्धत याच केंद्रातून आली आणि लसींच्या संशोधनात तिचा वापर आजही होतो.

दुसरे काम भौतिकीच्या अंगाने जाते. तेथे अणूंची रचना, बले आणि ऊर्जा यांचा हिशोब मांडला जातो आणि या लेखाचा भर त्याच वाटेवर आहे. या वाटेवर भारतीय पावले फार लवकर उमटली होती. प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन घेता येतात आणि कोणते घेता येत नाहीत, हे दाखवणारा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली प्रसिद्ध केला. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत ८६४ अणूंच्या द्रवरूप आर्गॉनचे सिम्युलेशन केले. आज प्रथिनांवर आपण जे करतो त्याचा आराखडा त्या कामात दिसतो. मोठेपणा मिरवण्यासाठी ही नावे सांगत नाही. हे दोन्ही शोधनिबंध मुळातून वाचावेत, कारण साधने अत्यंत तोकडी असताना प्रश्न किती नेमका विचारता येतो, हे त्यांतून शिकायला मिळते.

दुसरी पायरी : पाया भरून घ्या

बी.एस्सी.ला तुमचा विषय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही असला तरी या क्षेत्रात येता येते. मात्र ज्याचे जे कच्चे आहे ते त्याला भरून काढावेच लागते. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांचे गणित अडते, तर भौतिकशास्त्राकडून येणाऱ्यांना अमिनो आम्लांचा स्वभाव ठाऊक नसतो. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा विषय सांख्यिकीय यामिकी (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) हा आहे. बोल्ट्झमनचे वितरण, मुक्त ऊर्जा, एन्ट्रॉपी आणि सरासरीभोवतीचे चढउतार या चार कल्पना ज्याला खऱ्या अर्थाने समजल्या, त्याला सॉफ्टवेअरमधील निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप उमगतात. ज्याने त्या टाळल्या, तो वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या फाइलींमधील आकडे नक्कल करत राहतो.

लिनक्स, शेलच्या छोट्या आज्ञावली, पायथन आणि आलेख काढण्याचे एखादे साधन एवढी तयारी चार-पाच महिन्यांत होते. त्यासाठी महागडा अभ्यासक्रम लावण्याची गरज नाही. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणारे, मराठी माध्यमातून आलेले कितीतरी हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना आग्रहाने सांगतो की शोधनिबंधांची इंग्रजी शब्दसंपदा मर्यादित असते आणि रोज दोन पाने शब्दकोश हाताशी घेऊन वाचली तर एका वर्षात ती आपलीशी होते. तोपर्यंत विचार मराठीत करा, टिपणे मराठीत काढा. त्याने विज्ञानात काहीही उणे पडत नाही.

तिसरी पायरी : पहिले सिम्युलेशन स्वतःच्या हाताने करा

प्रवेश मिळण्याची वाट पाहत बसू नका. ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि रेणू पाहण्यासाठीचे व्हीएमडी शैक्षणिक कामासाठी विनामूल्य मिळते. साध्या लॅपटॉपवरही शिकण्यापुरते काम होते. सुरुवातीला कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील लायसोझाइम हे विकर घ्यावे. जगभरातील बहुतेक नवशिके त्याच्यापासूनच सुरुवात करतात आणि त्याला कारण आहे. लायसोझाइममध्ये फक्त १२९ अमिनो आम्ले असतात, ते स्थिर असते आणि त्याच्यावर इतके प्रयोग झाले आहेत की आपले उत्तर ताडून पाहता येते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये या विकराचे वर्णन केले आणि पुढे १९६५ मध्ये इतर संशोधकांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. रचना उलगडलेले ते पहिले विकर होय.

प्रोटीन डेटा बँक या १९७१ पासून चालू असलेल्या जागतिक संग्रहातून त्याची फाइल उतरवून घ्या आणि पुढे जाण्यापूर्वी ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचा. कोणती अमिनो आम्ले गाळली गेली आहेत, कोणत्या अणूंच्या दोन-दोन जागा दिल्या आहेत, स्फटिकातील पाण्याचे कोणते रेणू सोबत आले आहेत, हे सगळे तेथे लिहिलेले असते. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत; ते सॉफ्टवेअर आपल्या अंदाजाने जोडते. हा अंदाज तपासण्याची सवय याच पहिल्या कामात लावून घ्या. ती न लावल्याने काय होते ते पुढे सांगतो.

यानंतर फोर्स फील्ड निवडावे लागते. अणूंमधील बंध किती ताठ, कोणत्या अणूवर किती विद्युतभार, कोणत्या अंतरावर किती ओढ, या सगळ्यांची ती जंत्री असते. अंबर आणि चार्म ही त्यांतील दोन प्रसिद्ध घराणी आहेत. पाण्याचे प्रारूप त्या घराण्याशी जुळणारेच घ्यावे, मनाला येईल तशी सरमिसळ करू नये. मग प्रथिन एका चौकोनी पेटीत ठेवायचे, पेटीच्या भिंतीपासून सर्व बाजूंनी किमान १ नॅनोमीटर अंतर सोडायचे आणि पेटी पाण्याने भरायची. उदासीन पाण्यात लायसोझाइमवर +८ इतका विद्युतभार असतो, म्हणून तो फेडण्यासाठी ८ क्लोराइड आयन घालावे लागतात. आता पेटीत तीस-पस्तीस हजार अणू झालेले असतील आणि त्यांतील बहुतांश पाण्याचे असतील, हे पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. पण प्रथिन जगते ते पाण्यात, त्यामुळे संगणकाचा वेळही पाण्यावरच खर्च होतो.

आता अणूंची एकमेकांवर झालेली दाटी दूर करण्यासाठी ऊर्जा किमान पातळीवर आणायची, मग प्रथिनाला जागेवर धरून ठेवून पाण्याला स्थिरावू द्यायचे. आधी तापमान ३०० केल्विनच्या आसपास आणायचे, मग दाब. पेटीतील घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅमच्या जवळ आली का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर बंधने काढून खरे सिम्युलेशन सुरू करावे. चित्रफीत पाहताना प्रथिनाचा अर्धा भाग पेटीच्या एका टोकाला आणि अर्धा दुसऱ्या टोकाला दिसला तर घाबरू नका. एका भिंतीतून बाहेर पडलेला अणू समोरच्या भिंतीतून आत येतो, अशीच ही पेटी बांधलेली असते; दाखवण्यापुरते प्रथिन पुन्हा जुळवून घेता येते.

हे झाल्यावर कागद घेऊन एक हिशोब करा. हायड्रोजनच्या बंधांचे कंपन इतके जलद असते की ते बंध गोठवले तरी एका पावलाला साधारण २ फेम्टोसेकंदांपेक्षा मोठी ढांग टाकता येत नाही. म्हणजे १ मायक्रोसेकंद गाठायला ५० कोटी पावले लागतात, आणि प्रथिनांच्या कितीतरी महत्त्वाच्या हालचाली मिलिसेकंदांच्या असतात. या क्षेत्रातील जवळजवळ सगळ्या अडचणी आणि सगळ्या युक्त्या या एका हिशोबातून जन्माला येतात. प्रथिनाचे पहिले सिम्युलेशन मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी १९७७ साली केले तेव्हा ते १० पिकोसेकंदांच्याही आत संपले होते. त्याच प्रथिनाचे १ मिलिसेकंदाचे सिम्युलेशन, केवळ याच कामासाठी घडवलेल्या ॲन्टन या यंत्रावर झाले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तेहतीस वर्षांत दहा कोटी पटींहून अधिक मजल मारली गेली आणि तरीही पेशीच्या दृष्टीने तो एक क्षणच आहे.

चौथी पायरी : परीक्षा, अधिछात्रवृत्ती आणि मार्गदर्शक

एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम, पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट किंवा जेस्ट, असा परिचित क्रम आहे. नेटमध्ये रेणूंच्या सिम्युलेशनची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्र यांपैकी आपल्या पदवीचा विषय निवडावा लागतो. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. नियमांप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा. त्याआधी, एम.एस्सी. चालू असतानाच, विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज अवश्य करा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत बसल्यावर हे काम आपल्याला झेपते का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आवडते का, ते कळते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्यात आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या संस्थांमध्ये सैद्धांतिक आणि संगणकीय संशोधन चालते. राज्याबाहेर बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीबीएस (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र), तसेच टीआयएफआरचे हैदराबाद केंद्र यांची नावे यादीत असावीत.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावावर भाळू नये. त्यांच्या गेल्या पाच वर्षांतील तीन-चार निबंध वाचा आणि प्रश्न जीवशास्त्रातून आला आहे की केवळ हाती असलेल्या पद्धतीला काम हवे म्हणून शोधला आहे, ते पाहा. त्यांच्या गटातील चालू आणि माजी विद्यार्थ्यांशी बोला. प्रबंधाला किती वर्षे लागली, सर किंवा मॅडम मसुदा किती दिवसांत वाचून देतात, संगणकाचा वेळ कसा वाटला जातो, हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. प्रयोग करणाऱ्या एखाद्या गटाशी ज्यांचे नियमित बोलणे आहे असे मार्गदर्शक मिळाले तर ते मोठे भाग्य समजा.

पाचवी पायरी : पीएच.डी.ची वर्षे

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका विकराच्या खोबणीत बसलेल्या छोट्या रेणूचे सिम्युलेशन मी करत होतो. तो रेणू खोबणीतून बाहेर पडत असे. एकदा नव्हे, सुरुवातीचे वेग बदलून केलेल्या तिन्ही वेळा पडला. मी त्यावरून एक सिद्धांत रचला, आकृत्या काढल्या, सहा आठवडे त्यात घालवले. मग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आकृती पाहून शांतपणे विचारले, “स्फटिकात या हिस्टिडीनच्या नायट्रोजनशी हायड्रोजन बंध दिसतो, तुमच्याकडे तो का नाही?” हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या कड्यात दोन नायट्रोजन असतात आणि प्रोटॉन पहिल्यावर, दुसऱ्यावर किंवा दोन्हींवर असू शकतो. सॉफ्टवेअरने तो चुकीच्या जागी बसवला होता आणि मी ती फाइल उघडूनही पाहिली नव्हती. प्रोटॉन योग्य जागी ठेवताच रेणू खोबणीत स्थिर राहिला.

यातून जे शिकलो ते नेमक्या शब्दांत मांडतो. तीन-चार स्वतंत्र सिम्युलेशने करणे अत्यावश्यक आहे, पण त्याने फक्त योगायोगाची शंका फिटते. मांडणीतच चूक असेल तर ती प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीने पुन्हा दिसते. म्हणून प्रत्येक निष्कर्षाला सिम्युलेशनबाहेरचा एक साक्षीदार हवा. एनएमआरचे (चुंबकीय अनुनादाचे) मापन, उत्परिवर्तनाचा परिणाम, बंधनाची मोजलेली ऊर्जा, काहीही चालेल. साक्षीदार नसेल तर निबंधात तसे स्पष्ट लिहावे.

दुसरी शंका काळाची. आलेख सपाट झाला म्हणजे प्रथिनाच्या सगळ्या अवस्था पाहून झाल्या असे होत नाही. ते ऊर्जेच्या एखाद्या दरीत अडकून बसलेले असू शकते. दरीतून बाहेर काढण्यासाठी अम्ब्रेला सॅम्पलिंग, रेप्लिका एक्स्चेंज, मेटाडायनॅमिक्स अशा पद्धती आहेत. त्यांतली एक तरी पूर्णपणे, तिच्या समीकरणांसह, शिकून घ्या. मेटाडायनॅमिक्समध्ये कोणत्या दिशेने ढकलायचे हे आपणच ठरवतो आणि ती दिशा चुकली तर मुक्त ऊर्जेचा सुंदर पण निरर्थक नकाशा हाती येतो. प्रत्येक आकड्यासोबत त्रुटीची मर्यादा द्या आणि ती काढताना चित्रफितीतील लागोपाठच्या चौकटी एकमेकींवर अवलंबून असतात हे विसरू नका.

रोजच्या शिस्तीबद्दल थोडक्यात. प्रत्येक सिम्युलेशनची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वापरलेल्या फाइली आणि ते का केले याचे एक वाक्य वहीत लिहा. मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पहिल्या दोन वर्षांत काहीच हाती लागत नाही असे वाटणे अगदी सामान्य आहे. त्या काळात एकटे पडू नका, गटाच्या बैठकीत अपुरे कामही मांडत राहा.

प्रथिनाच्या क्रमावरून त्याच्या रचनेचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीमुळे आता हे क्षेत्र संपले का, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. रचनांचे अंदाज पारखणाऱ्या २०२० च्या जागतिक स्पर्धेत अल्फाफोल्डने प्रथिनांच्या रचनांचे अंदाज थक्क करणाऱ्या अचूकतेने दिले, आज त्याच्या संग्रहात २० कोटींहून अधिक रचना आहेत आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. पण रचना म्हणजे एक स्थिरचित्र असते. वाहिनी किती वेळ उघडी राहते, औषध किती घट्ट बसते आणि एका उत्परिवर्तनाने ते का निसटते, या प्रश्नांना हालचाल आणि ऊर्जा दोन्ही लागतात. बहुस्तरीय प्रारूपांसाठी कार्प्लस, लेव्हिट आणि वार्शेल यांना २०१३ मध्ये मिळालेले नोबेल याच प्रश्नांच्या कामासाठी होते. नव्या विद्यार्थ्याने यंत्रशिक्षण शिकावेच, परंतु अंदाज केलेल्या रचनेवर सिम्युलेशन करण्यापूर्वी तिच्या प्रत्येक भागाला दिलेला विश्वासाचा गुण पाहावा. १०० पैकी ५० च्या खाली गुण असलेला भाग बहुधा मुळातच सैल असतो आणि त्याला ठाशीव आकार मानून चालत नाही.

सहावी पायरी : पोस्टडॉक आणि त्यानंतर स्वतःचा गट

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, पीएच.डी.चेच काम पुढे रेटू नये. पद्धती बनवणाऱ्या गटातून आला असाल तर जीवशास्त्रीय प्रश्नाकडे जा, उलट असेल तर पद्धतीकडे. जर्मनीसाठी हम्बोल्ट, युरोपसाठी मेरी क्युरी आणि देशात राहण्यासाठी राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्ती हे नेहमीचे मार्ग आहेत. बाहेर गेलेल्यांना परतण्यासाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी या अधिछात्रवृत्ती आहेत; इन्स्पायर फॅकल्टीचा मार्गही तपासावा. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ असतात, दोन-तीन वर्षांच्या करारांवर तिशी उलटून जाते आणि घरच्यांना हे समजावणे सोपे नसते. म्हणून पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षीच औषधनिर्मिती आणि सॉफ्टवेअर क्षेत्रांतील संधीही मोकळ्या मनाने पाहाव्यात. तिकडे जाणे हा पराभव नव्हे. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट किंवा सेट आधीच हाती असलेली बरी.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत निवड समितीला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : तुमचा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांच्या प्रश्नाहून वेगळा आहे का, आणि संस्थेतील कोणत्या प्रयोगशाळांशी तुम्ही जोडून घ्याल. संगणकावर काम करणाऱ्याला फक्त खडू-फळा लागतो असा समज अजूनही आहे. त्यामुळे किती ग्राफिक कार्डे, किती साठवण, किती वीज आणि वातानुकूलनासाठी किती जागा लागेल, हे आकड्यांनिशी लिहून न्या. नव्या प्राध्यापकांसाठी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची अनुदाने आहेत, पण मंजुरी आणि खरेदी यांत बराच काळ जातो. त्या काळात राष्ट्रीय महासंगणन मोहिमेच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. १९९१ मध्ये परम ८००० घडवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकने याच मोहिमेत पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म उभे केले आहे. अर्जात केवळ तास मागू नयेत. आपले सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या किती गाभ्यांपर्यंत (कोअर) वेगाने चालते याची छोटी चाचणी आधी करून तिचा आलेख जोडावा. नाहीतर मिळालेल्या वेळेतील बराचसा वाया जातो आणि पुढच्या वेळी मागणी कापली जाते.

पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी घ्यावेत. शिकवण्याचे तास, समित्या आणि खरेदीचे कागद यांत दिवस संपतो, आणि दोघांपेक्षा अधिक जणांच्या फाइली स्वतः उघडून पाहणे तेव्हा जमत नाही. त्यांच्या पहिल्या सिम्युलेशनमधील प्रत्येक हिस्टिडीन त्यांच्या शेजारी बसून पाहा.